जागचे हलला नाहीत तुम्ही

वह्या बंद करा. मोबाइल बॅगेत ठेवा, बाकाखालच्या कप्प्यात नको. आज शिकवणं होणार नाही. आज तुम्ही ऐकून घ्यायचं आहे, आणि मी बोलत असताना मध्येच कुणी ‘सॉरी मॅडम’ म्हणायचं नाही. सॉरी म्हटलं की विषय मिटला, अशी सवय लागली आहे तुम्हाला.

तुमचे निबंध मी वाचले. एकूण एक, शेवटच्या ओळीपर्यंत. विषय सोपा नव्हता हे मला मान्य आहे, पण एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र घेऊन बसलेल्यांना तो झेपायलाच हवा होता. फ्रान्सची मादलेन व्हेर्ने आणि नागपूरच्या निर्मला देशपांडे. एक अराजकवादी विचारांची, दुसरी विनोबांच्या शासनमुक्त समाजाच्या विचारात वाढली. शस्त्राच्या आणि हुकमाच्या धाकाशिवाय माणसं एकत्र राहू शकतात, या एका गोष्टीवर दोघींनी आयुष्य लावलं. ती दोन आयुष्यं शेजारी ठेवा आणि काय दिसतं ते लिहा, एवढंच मी मागितलं होतं. वेळ भरपूर दिला होता. आपल्या विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, औरंगपुऱ्यात बळवंत वाचनालय आहे, आणि काही अडलं तर मी आहे.

आणि आलं काय? अकरा निबंधांत तेच वाक्य, त्याच जागी, त्याच चुकीसकट. ‘पदयात्रा’च्या जागी ‘पदयाञा’. एकाने चुकीचं लिहिलं, बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवलं. एका निबंधाच्या मुखपृष्ठावर फोटो आहे तो सहजयोगाच्या निर्मलादेवींचा. ज्या बाईचं आयुष्य लिहायला घेतलं, तिचा चेहरा तरी ओळखीचा आहे का, हेही पाहिलं नाही! आणि मादलेन व्हेर्ने? तिला बहुतेकांनी चार ओळींत उरकलं. यालाच पाट्या टाकणं म्हणतात. गुण कमी पडतील याची मला काळजी नाही. दोन मोठ्या बायकांची आयुष्यं तुमच्या हातात आली आणि तुम्ही ती अशी हाताळलीत, याचा मला संताप आहे.

नकलेचं मी एक वेळ बाजूला ठेवीन. ज्यांनी स्वतः लिहिलं, त्यांनी काय लिहिलं ते ऐका. ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’, ‘शांततेची देवता’. पानामागून पान विशेषणं. एका गावाचं नाव नाही, एक साल नाही, एक भांडण नाही, एक निर्णय नाही. ही आरती झाली. आणि जिने कुणापुढे हात जोडून उभं राहायला नकार दिला, तिचीच आरती करणं हा तिचा अपमान आहे.

आता मी सांगते ते नीट ऐका, कारण हे तुम्ही शोधायला हवं होतं.

निर्मला देशपांडे ऑक्टोबर १९२९ मध्ये नागपुरात जन्मल्या. वडील पु. य. देशपांडे, ‘अनामिकाची चिंतनिका’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले लेखक. घरात पुस्तकं, चर्चा, राजकारण. निर्मलाताई तुमच्याच विषयात एम.ए. झाल्या, राज्यशास्त्रात, आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात प्राध्यापक झाल्या. त्या काळात मुलीच्या जातीला मिळालेली ही नोकरी म्हणजे आयुष्याची सोय होती. १९५२ मध्ये ती सोय मागे टाकून त्या विनोबांबरोबर चालू लागल्या.

कुठे चालू लागल्या? कशासाठी? हे एकानेही नीट लिहिलेलं नाही. अरे, निदान हे तरी तुमच्या घरचं होतं. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. पोचमपल्ली तेलंगणात, आणि तेलंगण तेव्हा हैदराबाद राज्यात. हे आपलं शहर, हा जिल्हा, सगळा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. निजामाविरुद्धची पोलीस कारवाई होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. तेलंगणात जमिनीसाठी सशस्त्र लढा पेटलेला, रात्री एका बाजूची बंदूक, दिवसा दुसऱ्या बाजूची. विनोबा तिथे पोलिसांशिवाय पायी गेले. गावातल्या दलित भूमिहीनांनी ऐंशी एकर मागितले, रामचंद्र रेड्डी नावाच्या माणसाने सभेत उठून शंभर दिले. इथून ती चळवळ निघाली. तुमच्या आज्यापणज्यांच्या राज्यात घडलेली ही गोष्ट तुम्ही निबंधात ‘दक्षिणेत कुठेतरी’ म्हणून टाकता?

चाळीस हजार किलोमीटर हा आकडा मात्र सगळ्यांनी लिहिला. आकडा लिहायला काही लागत नाही. ते चालणं कसं होतं याचा एक क्षण तरी विचार केलात का? पहाटे तीनला उठायचं. उजाडायच्या आत कंदिलाच्या उजेडात वाट धरायची. दहा-बारा मैलांवर पुढचं गाव. तिथे पोचल्यावर माणसांना भेटायचं, जमीन कुणाकडे किती, भूमिहीन कोण, भांडण कशावरून, हे विचारायचं. संध्याकाळी प्रार्थना आणि सभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वाजता उठायचं. उन्हाळा, पावसाळा, वर्षानुवर्षं. आणि एवढं चालून निर्मलाताई काय करत होत्या, माहीत आहे? विनोबांची भाषणं टिपून घेत होत्या, निवडत होत्या, जुळवत होत्या. ‘भूदान-गंगा’ नावाचे खंड आहेत, त्यांचं संकलन निर्मलाताईंचं. पाय सुजलेले असताना बसून केलेलं लेखी काम आहे ते. तुम्ही पंख्याखाली बसून ‘पदयात्रा’ नीट लिहू शकला नाहीत.

तुमच्यातल्या एकाने लिहिलं आहे, ‘या लोकांनी नुसतं चालण्याशिवाय काही केलं नाही.’ मी त्याचं नाव घेत नाही. हे वाक्य त्याने निदान स्वतःच्या मनाने लिहिलं, म्हणून मी त्याच्याशी वाद घालीन. भूदानात सुमारे बेचाळीस लाख एकर जमीन मिळाली. त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच वादातली होती, बरीच शेवटपर्यंत वाटलीच गेली नाही. हे तू शोधून मांडलं असतंस, तर मी तुला वर्गात उभं करून शाबासकी दिली असती. चळवळ कमी पडली हे म्हणायला हरकत नाही, पण ती किती आणि कुठे कमी पडली हे पाहून म्हणायचं. पुस्तक न उघडता ‘काही केलं नाही’ म्हणणं आणि पुस्तक न उघडता ‘वात्सल्यसिंधू’ म्हणणं, दोन्हीत आळस एकच आहे.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा विषय दिला होता. या चळवळीने स्वतःच्या सत्तेचं काय केलं? १९५६ च्या नोव्हेंबरात तामिळनाडूतल्या पळणी इथे ठरलं की भूदानाच्या समित्या मोडायच्या आणि गांधी निधीतून येणारा पैसा बंद करायचा. तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती. देशभर पसरलेली, चालती, नावारूपाला आलेली यंत्रणा त्यांनी आपल्या हाताने मोडली. चूक केली की बरोबर? मला तुमच्याकडून यावर दोन पानं हवी होती. यंत्रणा मोडल्यावर बऱ्याच ठिकाणी काम थंडावलं, हे खरं. पण अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष झाले की माणसं कामाऐवजी खुर्चीभोवती फिरतात, ही त्यांची भीती खोटी होती का? तुमच्या विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीत गेल्या वर्षी काय झालं ते आठवा. जेफ्री ऑस्टरगार्ड या इंग्रज अभ्यासकाने सहलेखकासोबत सर्वोदयाच्या, म्हणजे याच चळवळीच्या, माणसांवर १९७१ मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘द जेंटल अनार्किस्ट्स’. परदेशातला माणूस या लोकांचा एवढा अभ्यास करतो, आणि आपण नागपूरच्या बाईचा फोटोही धड शोधत नाही.

पवनारचं तर नावच नाही तुमच्या कागदावर. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी २५ मार्च १९५९ ला विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायकांसाठी. तिथे प्रमुख कुणीच नाही. शेती, स्वयंपाक, झाडलोट, छपाई, सगळं सगळ्यांनी करायचं. निर्णय एकमताने. एकीचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. मतदान करून दहा जणींनी दोघींना दाबायचं नाही. साठ वर्षांहून जास्त काळ ते चाललं आहे. इतक्या वर्षांत माणसांचे स्वभाव आडवे आले नसतील? रुसवेफुगवे झाले नसतील? तरीही हुकूम देणारं कुणी नेमलं नाही. सत्तेविना समाज कसा चालेल, असा प्रश्न तुम्ही परीक्षेत पुस्तकी भाषेत सोडवता. तो प्रयोग महाराष्ट्रात, मराठी मातीत चालू आहे, आणि तुम्हाला पत्ता नाही. समृद्धी महामार्ग झाल्यापासून वर्धा किती जवळ आलं आहे! शिर्डीला गाडी करून जाता, तशी एक गाडी पवनारला का जात नाही?

हे सगळं गोडगोड होतं असं समजू नका. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि सर्वोदयाचं घर दुभंगलं. जयप्रकाश तुरुंगात, विनोबा मौनात. निर्मलाताईंची इंदिरा गांधींशी जवळीक होती, त्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. त्याच काळात, जून १९७६ मध्ये, पोलीस पवनारच्या आश्रमात शिरले आणि ‘मैत्री’ मासिकाचे अंक जप्त करून घेऊन गेले, कारण त्यात विनोबांच्या गोहत्याबंदीसाठीच्या उपवासाची बातमी होती. सत्तेपासून दूर राहिलेल्यांच्या दारातही सत्ता येतेच. पुढे निर्मलाताई १९९७ मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या, २००४ मध्ये पुन्हा. शासनमुक्त समाजाचा विचार घेऊन चाललेली बाई संसदेत जाऊन बसली, हे कसं? विचार सोडला, की विचारासाठी खुर्ची वापरली? माझं मत विचाराल तर मला ती खुर्ची खटकते, आणि तिथे बसूनही त्यांनी जे केलं त्यापुढे मी नमते. दोन्ही एकाच वेळी. पण तुमच्यातल्या एकीने तळटीप दिली आहे, ‘आदरापोटी वादग्रस्त भाग टाळला आहे.’ बाळ, हा आदर नाही. अवघड प्रश्न दिसला आणि तू बाजूने निघून गेलीस. जिच्याबद्दल आदर आहे, तिला प्रश्न विचारायचा असतो.

याच वाटेवरून निघालेल्या दुसऱ्या एका बाईने नेमकं उलटं केलं, तेही तुम्हाला मिळालं असतं. विमला ठकार, अकोल्यात वाढलेल्या, तत्त्वज्ञानाच्या एम.ए. त्याही भूदानात देशभर फिरल्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सहकाऱ्यांना पत्र लिहून चळवळ सोडली. पुढे जगभर बोलल्या, पण कुणाच्या गुरू झाल्या नाहीत, शिष्यपरिवार उभा केला नाही. २००९ च्या मार्चमध्ये गेल्या. एक निर्मलाताई, एक विमलाताई. एक सत्तेच्या दारात जाऊन भांडली, एक सगळ्याच संघटनांपासून दूर झाली. यावर निबंध नाही, ग्रंथ होईल.

मादलेन व्हेर्नेकडे येते. १८७८ चा जन्म. १९०६ मध्ये तिने पॅरिसजवळ अनाथ मुलांसाठी घर काढलं, मुलगे आणि मुली एकत्र, धाकदपटशाशिवाय शिकवण्यासाठी. पुढे त्या संस्थेवर एका राजकीय पक्षाची पकड बसली तेव्हा ती स्वतः बाहेर पडली. पहिल्या महायुद्धात सारा देश ‘लढा, लढा’ म्हणून ओरडत असताना ती युद्धाच्या विरोधात राहिली. १९१७ मध्ये एलेन ब्रिओं नावाच्या शाळामास्तरणीला युद्धविरोधी पत्रकं वाटल्याबद्दल अटक झाली. वर्तमानपत्रांनी तिला देशद्रोही ठरवलं, तिच्या कपड्यांबद्दलही लिहिलं. अशा वेळी व्हेर्नेने तिच्या बाजूने पुस्तिका छापली, स्वतःच्या नावाने. १९१८ च्या मार्चमध्ये ब्रिओंवर लष्करी न्यायालयात खटला चालला. शिक्षा स्थगित राहिली, पण शाळेतली नोकरी गेली आणि कित्येक वर्षं परत मिळाली नाही. मी मास्तरीण आहे. मला हे वाचताना काय वाटलं असेल, ते तुमच्यापैकी एकाच्याही लेखात उमटलं नाही, कारण तुम्ही तिथपर्यंत पोचलाच नाहीत.

आणि तुम्ही लिहिता की बायका जात्याच शांत असतात, म्हणून त्यांनी शांततेचं काम केलं! पंजाबात माणसं बसमधून उतरवून मारली जात होती तेव्हा निर्मलाताई तिथे गावोगाव फिरल्या. काश्मीर धगधगत असताना तिथे गेल्या. १९९९ ला कारगिलचं युद्ध झालं, वर्ष संपताना विमान पळवलं गेलं. आणि मार्च २००० मध्ये ही सत्तरीची बाई भारतातल्या बायकांना घेऊन बसने लाहोरला गेली. त्या वेळी लाहोरला जाणाऱ्याला इथे लोक काय म्हणत होते ते तुमच्या आईवडिलांना विचारा. ‘गोली नहीं, बोली चाहिए,’ असं त्या म्हणायच्या, आणि जिथे गोळी चालत होती तिथे जाऊन म्हणायच्या. २००६ मध्ये भारताने त्यांना पद्मविभूषण दिलं. १ मे २००८ ला त्या गेल्या. पुढच्या वर्षी पाकिस्ताननेही आपला नागरी सन्मान दिला. दोन्ही देशांनी मान दिला, तो शांत स्वभावाला दिला नाही. त्या गेल्या, भेटल्या, ऐकून आल्या, आणि पुन्हा गेल्या, म्हणून दिला.

आता ज्या गोष्टीसाठी आज मी शिकवणं बंद ठेवलं, तिच्याकडे येते. खाली बघू नका. माझ्याकडे बघा.

निबंध जमा केला त्याच रात्री वर्गाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. वर लिहिलेलं, ‘शहागंज, आत्ता.’ पळणारी माणसं, दगड, किंकाळ्या. वर्गातल्या कितीतरी जणांनी तो पुढे पाठवला. घरच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर, मंडळाच्या ग्रुपवर. माझ्याकडेही आला. मी तो थांबवून पाहिला. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला डाव्या बाजूला औषधाच्या दुकानाची पाटी येते. पाटी बंगाली लिपीत आहे. शहागंजातला तो व्हिडिओ नव्हताच, आपल्या राज्यातलासुद्धा नव्हता. कुणी थांबवून पाहिला नाही. तुमच्यातले दोघे शहागंजाजवळ राहतात. त्यांनी खिडकीतून डोकावलं असतं तरी कळलं असतं की रस्त्यावर चहाच्या टपऱ्या नेहमीसारख्या चालू आहेत. त्यांनीही पुढे पाठवला!

हे शहर कुठलं आहे, विसरलात? मे २०१८ मध्ये या गावात दुकानं जळाली, माणसं मेली. मार्च २०२३ मध्ये, रामनवमीच्या आदल्या रात्री, किराडपुऱ्यात पोलिसांच्या गाड्या पेटल्या, एक जीव गेला. त्या रात्री तुमच्यातल्या अनेकांच्या आया दाराला आतून कडी घालून जाग्या बसल्या होत्या. हे माहीत असताना तुमचं बोट त्या बटणावर गेलंच कसं? काय म्हणणार आहात मला, ‘मॅडम, मी फक्त फॉरवर्ड केला’? दगड मारणाऱ्याला अशा रात्री दगड लागतो आणि कारण लागतं. दगड रस्त्यावर मिळतो. कारण तुम्ही पुरवलंत.

एकनाथांच्या अंगावर एक माणूस थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरले, ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. पैठण इथून तासाभरावर आहे. नाथषष्ठीला तुम्ही जाता, फोटो टाकता. मग रागाच्या क्षणी थांबायचं असतं हे तुमच्यात उतरलं का नाही? निर्मलाताई युद्ध संपून वर्ष व्हायच्या आत सीमा ओलांडून विचारायला गेल्या. तुम्हाला दोन गल्ल्या ओलांडून बघायचं होतं. पुस्तकापर्यंत जायचं होतं, तिथेही गेला नाहीत. खिडकीपर्यंत जायचं होतं, तिथेही गेला नाहीत. जागचे हलला नाहीत तुम्ही. तुमचा निबंध आणि तुमचा तो मेसेज, दोन्ही एकाच ठिकाणाहून आले आहेत, आणि ते ठिकाण मला माझ्या वर्गात चालणार नाही.

निबंध मी तपासलेले नाहीत. एकालाही गुण दिलेले नाहीत. प्रत्येकाने पुन्हा लिहायचा आहे. विशेषण एकही नको. प्रत्येक विधानापुढे तुम्ही ते कुठे वाचलं, पुस्तकाचं नाव आणि पान, हे हवं. पळणीचा निर्णय, आणीबाणी आणि राज्यसभा, या तिन्हींवर तुमचं स्वतःचं मत हवं. ते माझ्या मताच्या उलट असलं तरी चालेल, कारणं द्या. ज्यांना पवनारला जायचं आहे त्यांनी मला सांगा, आश्रमात कळवून, परवानगी घेऊन जाऊ. तिथे कुणाचीही मुलाखत घेण्याआधी दोन दिवस त्यांच्याबरोबर शेतात आणि स्वयंपाकघरात काम करायचं, ही माझी अट आहे.

आणि व्हिडिओ पाठवणाऱ्यांनो, तुम्ही या खोलीतून बाहेर पडण्याआधी बॅगेतून मोबाइल काढायचा. ज्या ज्या ग्रुपवर तो पाठवला, त्या प्रत्येक ठिकाणी लिहायचं: हा व्हिडिओ शहागंजचा नाही, मी न बघता पाठवला, तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथेही हे कळवा. खाली स्वतःचं पूर्ण नाव. काका रागावतील, मंडळातले हसतील, कुणी तुम्हाला दुसऱ्या बाजूचे म्हणतील. म्हणू देत. मेसेज नुसता डिलीट करून गप्प बसलेलं मी ऐकून घेणार नाही, कारण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या डोक्यातून तो डिलीट झालेला नाही.

चला, काढा मोबाइल. मी थांबते.